राग ओसरू दे, नंबर विसरू नको

राजा, तू संध्याकाळी दुचाकी लावून घरात शिरलास, की चहाच्या आधी कुणा ना कुणा गाडीवाल्याचा उद्धार सुरू होतो. "आत्या, याची तक्रारच केली पाहिजे," म्हणतोस आणि जेवणापर्यंत विसरतोसही. कधी करायची, कधी सोडायची आणि केली तर कशी, ते एकदाच सांगून ठेवते.

१. आधी एकच विचार: मला राग आला, की कुणाचा जीव धोक्यात आला? — राग एका रात्रीचा, धोका पुढच्या चौकाचा; तू वाचलास म्हणून तुझ्या मागचा वाचेलच असं नाही.

२. सिग्नल पिवळा असताना मागून हॉर्न बडवणारा, काच खाली करून तोंड टाकणारा, यांना जाऊ दे — उद्धटाला नजर पुरे, धोक्याला नंबर.

३. उलट दिशेने येणारा, लाल सिग्नल तोडून घुसणारा, हातात मोबाईल धरून चालवणारा, यांना मात्र किरकोळ समजू नको — 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये ही तिन्ही कामं 'धोकादायक वाहन चालवणं' यातच मोडतात.

४. लाल 'एल'ची पाटी लावलेला शिकाऊ किंवा नव्या उड्डाणपुलाखाली गोंधळलेला परगावचा माणूस चुकला, तर थोडं थांब, त्याला वाट दे — एकदा चुकतो तो बावरलेला, रोज चुकतो तो सरावलेला. तक्रार सरावलेल्याची करावी.

५. समोरची गाडी झोकांड्या खात असेल, तर वेळ न घालवता 112 लाव — रात्री घरी बसून लिहिलेल्या अर्जाने आत्ता धावणारी गाडी थांबत नाही.

६. फोनवर "प्यायलाय" असं ठोकून देऊ नको, "गाडी या लेनमधून त्या लेनमध्ये जातेय" एवढंच सांग — रक्तातली साखर उतरलेला किंवा झोपेला आलेला माणूसही तशीच चालवतो, आणि श्वास तपासायचं यंत्र पोलिसांकडे असतं, आपल्याकडे नाही.

७. फोन करायचा तर आधी गाडी बाजूला घे, नाहीतर मागे बसलेल्याला करायला सांग — ताशी 60 किलोमीटरच्या वेगात तीन सेकंद मोबाईलमध्ये बघितलंस, तर 50 मीटर रस्ता न बघताच मागे पडतो.

८. नंबरातले शेवटचे चार आकडे आधी पुटपुटत पाठ कर, मग गाडीचा रंग आणि पाटीचा रंग बघ — पिवळी पाटी भाड्याच्या गाडीची, हिरवी विजेवरच्या गाडीची. एमएच 12 की 14 हे निसटलं, तरी एवढ्यावरून शोध बराच सोपा होतो.

९. जागा सांगताना दिशाही सांग: नुसतं 'चांदणी चौक' नको, 'चांदणी चौकातून बावधनकडे, सकाळी 8:40' असं — दिशाच कळली नाही तर पुढच्या पोलिसाने कुठल्या बाजूला उभं राहायचं? राष्ट्रीय महामार्गावर दिवे न लावता बंद पडलेला ट्रक दिसला, तर किलोमीटरचा दगड बघून 1033 ला कळव.

१०. पाठलाग करायचा नाही, आडवी गाडी घालून जाब विचारायचा नाही, अगदी तुझंच बरोबर असलं तरी — एका बेभानामागे दुसरा लागला, की रस्त्यावर दोन बेभान होतात.

११. तक्रार लिहिताना डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिही. 'माजोरडा' आणि 'बापाचा रस्ता' माझ्यासाठी राखून ठेव, मी ऐकेन — विशेषणं वाढली, की तक्रार लंगडी पडते.

१२. डॅशकॅमचा व्हिडिओ मुळातला जपून ठेव आणि पोलिसांनाच दे, सोसायटीच्या ग्रुपवर सोडू नको — फिरवाफिरवीत चित्र पुसट होतं, आणि एक आकडा चुकीचा वाचला गेला तर भलत्याच्याच दारात लोक उभे राहतात.

१३. एसटी असेल तर आगार व्यवस्थापकाला, शाळेची व्हॅन असेल तर मुख्याध्यापकांनाही कळव — नोकरीवरच्या चालकाला घरच्या धन्याचा शब्द दंडाच्या पावतीआधी पोचतो.

१४. गळीत हंगामात गावी जाताना मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची जोड-ट्रॉली दिसली, तर पोलिसांबरोबर कारखान्याच्या शेतकी ऑफिसलाही फोन कर — लाल पट्ट्या लावायला फार वेळ लागत नाही, आणि अंधारात तेवढ्यानेच मागचा दुचाकीवाला वाचतो.

१५. ओळखीतला सोळा वर्षांचा पोरगा गाडी उडवताना दिसला, तर आधी त्याच्या आईवडिलांशी एकदा शांतपणे बोल. पुन्हा दिसला तर मग ओळख बघू नको — कायद्याने पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही, आणि मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन पोराच्या गाडीने जीव घेतले, ते साऱ्या पुण्याने पाहिलंय.

१६. अपघात घडलाच, तर आधी माणूस, मग नंबर. 108 लाव आणि जखमीजवळ थांब — चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही, तेव्हा 'लफडं नको' म्हणून पाय मागे घेऊ नको.

१७. तक्रारीचा क्रमांक वहीत लिही, आठवड्याने एकदा चौकशी कर आणि मग तुझ्या कामाला लाग — तक्रार पेरावी, रोज उकरून बघू नये. आज एकट्याच्या तक्रारीने काही झालं नाही, तरी त्याच नंबरावर दुसरी आली की पहिलीचं वजन वाढतं.

१८. आणि महिन्यातून एकदा मागे बसणाऱ्याला विचार, "माझं चालवणं कसं वाटतं?", उत्तर ऐकताना मध्ये बोलू नको — घरच्यांनी दाखवलेली चूक फुकटात सुधारते, पोलिसांनी दाखवली की पावती फाटते, आणि रस्त्याने दाखवली तर सुधारायला कधीकधी उशीर झालेला असतो.