घरच्या लिनक्सची राखण

१. गोव्यात मांद्रे-हरमलकडे घरातली एखादी खोली पाहुण्यांना देणारे आम्ही पुष्कळ. पाहुणा बॅग टेकवतो आणि आधी वायफायचा पासवर्ड मागतो. तो दिला की त्याचा लॅपटॉप, आत काय असेल नसेल ते घेऊन, आपल्याच नेटवर्कवर येतो. म्हणून राउटरवर पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला. हे काम मी सगळ्यांत आधी सांगतो, कारण ते राहूनच जातं.

२. उबुंटू-मिंटमध्ये फायरवॉल असते, पण चालू नसते. मिंटच्या मेनूत 'फायरवॉल' शोधा, बटण चालू करा, 'इनकमिंग'ला 'डिनाय' ठेवा. झालं.

३. बाहेरगावाहून घरच्या मशीनवर येण्यासाठी एसएसएच इंटरनेटवर उघडं ठेवलं असेल, तर लॉग एकदा वाचाच. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट' अशा ओळींची रीघ लागलेली दिसते. मध्येच ॲडमिन, टेस्ट अशी नावं वापरून पाहिलेली असतात. तुमच्याशी कुणाचं वैर नाही. यंत्रं रात्रंदिवस दारं ठोठावत फिरतात. पासवर्डने लॉगिन बंद करा, त्याऐवजी एसएसएच-की (किल्लीची फाइल) वापरा. गरज नसेल तर एसएसएच सर्व्हर काढूनच टाका.

४. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह उघडला की कधी कधी प्रत्येक फोल्डरच्या नावाचा एकेक शॉर्टकट दिसतो. तो विंडोजचा व्हायरस. लिनक्सला त्याची बाधा होत नाही. पण तोच ड्राइव्ह उद्या शाळेतल्या विंडोजला लागणार असतो. क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने तो साफ करून देणं हे मी कर्तव्य मानतो.

५. लिनक्सला धोकाच नाही, हे खरं नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचं संकेतस्थळ फोडून तिथली डाउनलोडची लिंक छुपं दार असलेल्या आयएसओकडे वळवली गेली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या साधनात पेरलेलं छुपं दार आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला सापडलं, तेही एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून. आयएसओचा चेकसम ताडून पाहा, आवृत्ती स्थिर घ्या.

६. पावसात वीज गेली की मशीन बरेच दिवस बंद राहतं. चालू केल्यावर आधी अपडेट, मग बाकीचं.

७. गोव्यातल्या शाळांना संगणक देणाऱ्या गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने लिनक्स वापरलं होतं. पेडणे-डिचोलीत आज कुणाला लिनक्स टाकून देत असाल, तर अपडेट कसं करायचं तेही शिकवून या आणि पासवर्ड त्यांनाच ठेवू द्या.