'भ्रष्ट' कशापासून?

गेल्या सहामाहींत इयत्ता नववीच्या निबंधांत पुढील वाक्य आमच्या वाचनांत आलें : "आमच्या गल्लींतील तो कारकून फार भ्रष्ट आहे." आम्हीं वहीच्या समासांत तांबड्या शाईनें एकच शब्द लिहिला, "कशापासून?" मुलगा वही घेऊन आला व म्हणाला, "सर, यांत चूक कोणती?" चूक व्याकरणाची नव्हती, परंतु उत्तर समासांत मावणारें नव्हतें, म्हणून तें येथें देत आहों.

संस्कृतांत 'भ्रंश्' असा धातु आहे. खालीं पडणें, निसटणें, ढळणें हा त्याचा अर्थ. आणि 'भ्रष्ट' हें त्याचें धातुसाधित विशेषण. जो पडला तो कोठून तरी पडला, म्हणून या शब्दास पंचमीची अपेक्षा असते. जुने सामासिक शब्द ही अपेक्षा पुरवितात : स्थानभ्रष्ट, राज्यभ्रष्ट, मार्गभ्रष्ट. राज्यभ्रष्ट राजा दोषी असेलच असें नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योगभ्रष्टाचा विचार आहे. तेथेंही त्याची निर्भर्त्सना नसून, त्यास पुढील जन्म चांगल्या घरीं मिळतो असें आश्वासन दिलेलें आहे. पडणें आणि पापी असणें या दोन गोष्टी भाषेनें मुळांत निराळ्या ठेविल्या होत्या.

विद्यार्थी 'भ्रमिष्ट' व 'भ्रष्ट' यांची गल्लत करितात. 'भ्रमिष्ट' हा 'भ्रम्', म्हणजे भटकणें, या धातूच्या घराण्यांतील. त्याचें चित्त भरकटलेलें असतें. 'ऱ्हास' त्याहून वेगळा. तो 'ऱ्हस्व' या शब्दाचा सख्खा भाऊ असून आखूड होणें, घटणें एवढेंच सांगतो. जंगलाचा ऱ्हास होतो. जंगल भ्रष्ट होत नाहीं.

भाषेच्या प्रांतांत हाच धातु 'अपभ्रंश' या रूपानें येतो, आणि ही कथा मोठी मौजेची आहे. पतंजलीनें महाभाष्यांत 'गो' शब्दाचीं 'गावी', 'गोणी' अशीं लोकांच्या तोंडचीं रूपें देऊन त्यांस अपभ्रंश म्हटलें. पुढें तेंच नांव एका भाषेस मिळालें. दहाव्या शतकांत पुष्पदंतानें मान्यखेट येथें, म्हणजे आजच्या कर्नाटकांतील मळखेड येथें, तिच्यांत 'महापुराण' रचलें, व बाराव्या शतकांत हेमचंद्रानें तिचें व्याकरण लिहिलें. 'हस्त' ढळून 'हत्थ' झाला, 'हत्थ' ढळून 'हात' झाला. 'कर्ण' तसाच 'कण्ण' होऊन 'कान' झाला. हें जर पतन असेल, तर आपली मराठी सगळी पडलेल्या दगडांनींच बांधलेली आहे, आणि त्या घरांत आपण सुखानें राहत आहों!

'भ्रष्टाचार' म्हणजे भ्रष्ट असा आचार. पूर्वीं त्यांत सर्व दुराचार येत असे. आज तो बहुधा पैसे खाण्यापुरता उरला आहे. 1988 च्या कायद्याचें नांव 'भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम' असें आहे. महाराष्ट्र शासनाच्या खात्याचें नांव मात्र 'लाचलुचपत प्रतिबंधक विभाग'. आम्हांस दुसरें नांव अधिक आवडतें. त्यांत गुन्हा कोणता हें तरी कळतें.

मराठींत या शब्दास आणखी एक अर्थ चिकटला, तो म्हणजे बाटलेला. पाणी भ्रष्ट, भांडें भ्रष्ट, माणूस भ्रष्ट. येथें कोणी कोठून पडत नाहीं. नुसत्या स्पर्शानें काम होतें. आमच्या आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां गांवानें त्यांस हाच शब्द लाविला. वास्तविक त्याच्या आधींही गांवच्या विहिरीवर त्यांस कोणी चढूं देत नसे. मग ते कोणत्या उंचीवरून पडले? लहानपणीं हा प्रश्न आम्हीं आजीस विचारिला होता. ती हंसली, व घागर घेऊन ओढ्याकडे गेली. त्या मुलाच्या वहींत आम्हीं लिहिला तो तोच प्रश्न.

मुलगा दोन दिवसांनीं परत आला. 'फार भ्रष्ट' हे शब्द त्यानें खोडले होते व त्यांवर बारीक अक्षरांत लिहिलें होतें : "त्यानें उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं माझ्या आईकडून दोनशें रुपये घेतले व पावती दिली नाहीं." आम्हीं त्यास एक गुण वाढवून दिला.