ब्रेकचं पायडल मऊ लागतं तेव्हा

आपल्याकडे आता बैलगाड्या थोड्या राहिल्या आणि जीप, पिकअप पुष्कळ झाल्या. माल भरून आपली माणसं रात्री-अपरात्री घाट उतरतात. म्हणून आज गाडीच्या ब्रेकविषयी थोडं समजून घेऊ.

२००९ सालच्या पावसाळ्यात आम्ही पुतण्याबरोबर नारायणगावहून कल्याणला निघालो होतो. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले. माळशेज घाट जवळ आला तसा पुतण्या म्हणाला, "काका, पायडल खाली चाललंय." एकदा दाबून ब्रेक लागत नव्हता. दोन-तीनदा भराभर दाबलं म्हणजे लागायचा. आम्ही म्हणालो, "कडेला घे. घाट उतरायचा नाही." माल नासेल म्हणून तो कुरकुरला. थोडा नासलाही. पण गाडी आम्ही पुढे जाऊ दिली नाही.

आता हे असं का होतं? गाडीच्या ब्रेकमध्ये तेल असतं. पायडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि नळीतलं तेल दाबतो. तो दाब चारी चाकांपर्यंत पोचतो. कोंडलेल्या पाण्याला किंवा तेलाला एका जागी दाबलं तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्समधल्या पास्कल नावाच्या विद्वानाने दाखवून दिलं. त्याला साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. सगळा ब्रेक या एका गोष्टीवर उभा आहे.

पण नळीत हवा शिरली तर? सायकलचा पंप घ्या. तोंडावर बोट दाबून धरा आणि दांडा ढकला. दांडा आत जातो, कारण हवा आकसते. पंपात पाणी भरून हेच करा, दांडा हलणार नाही. ब्रेकच्या नळीत हवा असली की पायाचा जोर ती हवा आकसण्यातच संपतो. चाकापर्यंत फार थोडा पोचतो. पायडल स्पंजासारखं लागतं ते यामुळे.

मात्र मऊ पायडल म्हणजे दर वेळी हवाच, असं नाही. गाडी सपाटीवर उभी करा आणि पायानेच परीक्षा करा. पायडल चार वेळा दाबा. ते वर आलं, पण लवचिक लागतं, तर हवा आहे. वर येऊन घट्ट झालं, तर ब्रेकचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले असतील. ते सारखे करून घ्यावे लागतात. आणि पाय दाबून धरला असता पायडल हळूहळू खालीच जात असेल, तर तेल कुठून तरी निसटतं आहे. बाहेर गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं असं समजा. इंजिन चालू करताना पायडल किंचित खाली गेलं तर घाबरू नका. पुष्कळ गाड्यांत ते तसंच असतं.

आमच्या पुतण्याची चूक इथंच झाली होती. महिन्याभरात एका गॅरेजात त्याने दोनदा हवा काढून घेतली. तेल कमी झालं की वरून भरायचं. पण हवा शिरली कुठून, तेल गेलं कुठं, हे ना त्याने विचारलं, ना तिथल्या मिस्त्रीने पाहिलं. त्या दिवशी दुसऱ्या मिस्त्रीने मागचं डावं चाक खोललं. आत ड्रम तेलाने ओला. चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलेलं. लायनर तेलाने भिजले होते, तेही बदलावे लागले.

म्हणून आधी गळती शोधा. चाकांच्या आतल्या बाजूला, रबरी नळ्यांवर आणि पायडलच्या वर ओल दिसते का, ते बोटाने पाहा. ती दुरुस्त झाल्यावर मगच हवा काढा. हे दोघांचं काम आहे. उभ्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका. एकजण पायडल चार-पाच वेळा दाबून धरून ठेवतो. दुसरा चाकाजवळचा निप्पल थोडा सैल करतो. निप्पलला बारीक पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं असावं. बुडबुडे निघतात. निप्पल आवळला, मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी घेतात. नव्या गाडीचा क्रम तिच्या पुस्तिकेत पाहावा. काही नव्या गाड्यांना तर यंत्र लावावं लागतं, ते गॅरेजवरच सोपवा. मध्ये मध्ये वरच्या डब्यातलं तेल पाहत राहा. डबा रिकामा झाला की सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

तेल कोणतं, ते डब्याच्या टोपणावर लिहिलेलं असतं. बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. अक्षरं इंग्रजी असली तरी आकडा ओळखता येतो. इंजिनचं तेल किंवा डिझेल यात कधी ओतू नका. आतली रबरं फुगतात आणि सगळी बदलावी लागतात. बाटलीत काढलेलं तेलही परत भरू नका. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेलं १४० अंशांच्या आसपासही उकळू लागतं. लांब उतारावर ब्रेक तापले की तेलाची वाफ होते आणि पायडल एकाएकी मऊ पडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावं, आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

चालत्या गाडीत असं झालंच, तर पायडल भराभर दाबत राहा. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर गाडी फिरते. घाटात गाडी दरीकडे नव्हे, डोंगराकडे घ्या.

आमची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी तयार झाली. मिस्त्रीने आधी ती रिकामीच मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहिली, चार वेळा थांबवली, मग चाकांखाली वाकून ओल आहे का ते पाहिलं. तेव्हा कुठे आम्ही क्रेट परत चढवले.