बिंदू आणि रेघ



ज्या चित्रात झाड, घर, माणूस असे ओळखीचे काही नसते, रंग, रेषा आणि आकार हाच विषय असतो, ते अमूर्त चित्र. ते पाहून "हे तर लहान मूलही काढील" असे पुष्कळजण म्हणतात. म्हणून आज भारत व दक्षिण कोरियातील एकेक चित्रकार पाहू. विशेष म्हणजे दोघांच्याही चित्रांचे मूळ मुलांच्या अभ्यासात आहे.

सैयद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली आपल्या मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. प्राथमिक शाळेत त्यांचे चित्त स्थिर होत नसे. गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे नागपूर व मुंबईत शिकून रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. सुमारे १९८० पासून तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. बिंदू म्हणजे बीज, आणि त्याभोवती पंचतत्त्वांचे गडद, तेजस्वी रंग. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले व मंडल्यातच त्यांचा दफनविधी झाला.

पार्क सो-बो (१९३१-२०२३) यांचा लहान मुलगा एकदा चौकटींच्या वहीत अक्षरे लिहीत होता. अक्षर चौकटीत मावेना. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि शेवटी कंटाळून त्याने नुसत्या रेघोट्या मारल्या. त्या हट्ट सोडण्यात वडिलांना वाट सापडली. १९६७ पासून ते ओल्या, पांढुरक्या रंगावर पेन्सिलीने पुन्हापुन्हा रेघा ओढू लागले. या मालिकेचे नाव 'एक्रित्यूर', म्हणजे लेखन. कोरियातील अशा एकरंगी चित्रांना 'दानसेखवा' म्हणतात.

आता तुलना करू. रझा मन एका ठिकाणी गोळा करतात, पार्क ते रिकामे करतात. रझांकडे रंगांची श्रीमंती आहे, पार्क यांच्याकडे जवळजवळ एकच रंग. साम्य एकच, पण मोठे: दोघांनीही एकच गोष्ट जपासारखी अनेक वर्षे केली. लहान मुलाची रेघोटी क्षणात संपते, यांची संपली नाही. फरक इथे आहे.

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यावा, असा आग्रह होतो. पालकांनी व विश्वस्त मंडळींनी त्या गुरुजींचा बिंदू आठवावा. लक्ष देणे हाही अभ्यासच आहे, आणि ते गणितालाही लागते.

स्वाध्याय : एका कागदावर बिंदू काढून पाच मिनिटे पाहा. दुसरा कागद पेन्सिलीच्या रेघांनी पूर्ण भरा. मन कशात अधिक रमले, ते तीन ओळींत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.