हॅप्टोग्लोबिन कमी आलं, पुढे काय?

रक्ताच्या रिपोर्टात हॅप्टोग्लोबिनपुढे १० पेक्षा कमी आकडा दिसला, की माणूस आधी मोबाइल काढतो. तिथे उत्तर मिळतं : तांबड्या पेशी फुटताहेत. माझ्या मावशीचा असा रिपोर्ट आला, तेव्हा सगळ्या घराने भलत्याच आजाराची धास्ती घेतली होती.

हॅप्टोग्लोबिन हे मुख्यतः यकृतात तयार होणारं प्रथिन. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मग बहुधा प्लीहेत किंवा यकृतात मोडीत निघते. ती रक्तवाहिनीतच फुटली, तर आतलं हिमोग्लोबिन मोकळं सुटतं. ते मूत्रपिंडांना इजा करू शकतं. हॅप्टोग्लोबिन त्याला घट्ट धरतं आणि ही जोडी काही मिनिटांतच रक्तातून उचलली जाते. यात हॅप्टोग्लोबिनही खर्ची पडतं, म्हणून पेशी झपाट्याने फुटत असल्या की त्याची पातळी घसरते. मोठ्या माणसांत ती साधारणपणे डेसिलिटरला ३० ते २०० मिलिग्रॅम असते. लॅबप्रमाणे ही मर्यादा थोडी बदलते, तेव्हा आपल्याच रिपोर्टावर छापलेली मर्यादा पाहावी.

मावशी साठीची, जन्मभर शाकाहारी, दूधही चहापुरतंच. थकवा यायचा, जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांत पिवळट झाक होती. शेजाऱ्यांनी कावीळ ठरवून पथ्यही सांगितलं. तपासण्यांत हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं, हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नाहीच, पेशी मोडल्या की रक्तात वाढणारं एलडीएच हे विकर कितीतरी पट वाढलेलं, इनडायरेक्ट बिलिरुबिनही चढं. एका दवाखान्यात स्टिरॉइड सुरू करण्याची भाषा झाली.

रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी मात्र आधी रेटिक्युलोसाइट काउंट मागितला. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच घडलेल्या कोवळ्या पेशी. रक्तात पेशी फुटत असतील आणि अस्थिमज्जा धडधाकट असेल, तर ती भराभर नव्या पेशी सोडते आणि हा आकडा वर जातो. मावशीचा तो खालीच होता. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसल्या आणि शरीरच आपल्या पेशींवर हल्ला करतंय का हे पाहणारी कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह आली. मग बी-१२ तपासलं. ते फारच कमी निघालं. बी-१२ नसलं की पेशी नीट घडत नाहीत आणि पुष्कळशा मज्जेतच मरतात. त्या मोडतोडीतही हॅप्टोग्लोबिन संपतं, एलडीएच वाढतं, डोळे पिवळे होतात. स्टिरॉइडची गरजच नव्हती. इंजेक्शनं सुरू झाली आणि आठवडाभरात कोवळ्या पेशी वाढू लागल्या.

हे उदाहरण जगावेगळं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून तिथल्या लोकांत बी-१२ची कमतरता किती सर्रास आढळते, हे पुढे आलं आहे. आपल्याकडे कमी हॅप्टोग्लोबिन दिसलं, की ही शक्यता डॉक्टरांना मुद्दाम विचारावी असं मला कळकळीने वाटतं.

आकडा इतरही कारणांनी खाली येतो. सिरोसिसमध्ये यकृत हॅप्टोग्लोबिन पुरेसं बनवू शकत नाही. नवजात बाळांत तो मुळातच कमी असतो आणि काहींच्या शरीरात हॅप्टोग्लोबिन जन्मतःच तयार होत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यात तो एरवीही खालीच राहतो, त्यामुळे दुखणं उसळलंय का, हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

उलट बाजू जास्त फसवी. ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांची सूज अशा वेळी यकृत हॅप्टोग्लोबिन जास्त बनवतं. मग पेशी फुटत असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अलीकडचं आजारपण, चालू औषधं, नुकतं चढवलेलं रक्त, हृदयातली कृत्रिम झडप हे सगळं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं. एलडीएच एकटंच वाढलेलं असेल, तर रक्त काढतानाच नमुन्यातल्या पेशी फुटल्या का, हे लॅबला विचारावं.

बी-१२साठी रक्त देण्याआधी ताकदीची इंजेक्शनं घेऊ नयेत. खरी पातळी झाकली जाते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही परस्पर सुरू करू नयेत. त्यांनी हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२ कमी असेल तर मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. पायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं ही तिची लक्षणं.

लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, विशेषतः मलेरियाच्या गोळ्या किंवा एखादं नवं औषध सुरू केल्यावर, तर रिपोर्टांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं आणि औषधाचं पाकीट सोबत न्यावं. अशा वेळी जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरताही तपासली जाते. ती तपासणी त्या दिवसांत नॉर्मल आली, तरी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण कमतरता असलेल्या जुन्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात.