आग : ओळख आणि सावधगिरी

१४ एप्रिल या तारखेचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. दुपारी कापसातून धूर निघताना दिसला. बंबवाल्यांनी पाण्याचा मारा केला, पण धुरामुळे आगीचे मूळ नेमके कोठे आहे तेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

कापसाची आग मोठी कपटी असते. घट्ट बांधलेल्या गासडीत ज्वाळा दिसत नाही, आतल्या आत ती धुमसत राहते. घरातील गादी-गोधडीचेही तसेच. वरून तांब्याभर पाणी ओतले, धूर थांबला, म्हणून आग विझली असे मानू नये. गादी उघड्यावर न्यावी, उसवावी आणि आतपर्यंत भिजवावी.

मग ज्वाळा म्हणजे काय? मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत आकडेमोड करणारा. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. तरी एक प्रयोग मला फार आवडतो. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला आणि पुढे नामवंत शास्त्रज्ञ झाला. त्याने लंडनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्ती या एका विषयावर व्याख्यानमाला दिली. ती १८६१ साली पुस्तकरूपाने आली. विद्यार्थ्यांनी मोठ्या माणसाला जवळ बसवून हा प्रयोग करावा. जळती मेणबत्ती फुंकून विझवावी. वातीतून पांढरा धूर वर जातो. त्या धुरात, वातीपासून बोटभर वर, पेटती काडी धरावी. ज्वाळा धुरावरून उडी मारून वातीवर येते! म्हणजे मेण घट्ट रूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. लाकडाचेही तसेच, उष्णतेने त्यातून वायू निघतात व ते पेट घेतात.

ज्वाळेचा पिवळा रंग हा तापून चकाकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. गॅसच्या शेगडीत हवा आधीच मिसळते, म्हणून ज्योत निळी. ती पिवळी पडून भांड्याची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नर साफ करून घ्यावा. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला वास नसतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर यामुळेच जीव घेतो.

जळण, उष्णता आणि हवेतील प्राणवायू या तिघांवर आग उभी असते. त्यांतील एक काढून घेतला की ती बसते. हे मी परीक्षेत लिहिले होते, तरीही बी.ए.च्या शेवटच्या वर्षी घरी कढईतले तेल पेटले तेव्हा मी तांब्याभर पाणी ओतले. ज्वाळा छतापर्यंत गेली आणि आईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी गेले. तेल तीनशे अंशांच्या वर तापलेले. पाण्याची क्षणात वाफ झाली, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा घेते. तिने जळते तेल थेंबाथेंबाने उडवले. करायला हवे होते ते एवढेच : शेगडी बंद करणे, झाकण बाजूने सरकवत कढईवर ठेवणे आणि तेल गार होईपर्यंत ते न उचलणे. पेटलेली कढई उचलून मोरीकडे पळणे हाही तसाच घातक प्रकार.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन १९०६ वर कळवावे. आग लागलीच तर १०१ किंवा ११२.

ज्वाळेइतकीच धुराची भीती बाळगावी. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जण गेले, ते प्रामुख्याने गुदमरून. गरम धूर आधी छताखाली साचतो व मग खाली उतरतो. म्हणून ओणवे होऊन, रांगत बाहेर पडावे. जाताना दार ओढून घ्यावे. लिफ्ट वापरू नये. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये, वाऱ्याने आग वाढते. जमिनीवर लोळावे, चेहरा हातांनी झाकावा.

भाजल्यावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. बर्फ नको. बांगड्या, अंगठी सूज येण्यापूर्वीच काढावी. आमच्या आईच्या हाताला शेजारणींनी मायेपोटी टूथपेस्ट फासली होती. डॉक्टरांनी ती पुसून काढली, तेव्हा तिला भाजण्यापेक्षा अधिक यातना झाल्या. डाग अजून आहे. तेल तापत ठेवले की ती आजही आधी झाकण हाताशी घेते, आणि माझ्याकडे एकदा बघते.