धुतलेला पिंजरा

डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून मी आधी पिंजरा घासला. तळाचा ट्रे साबणानं धुतला, टरफलं झटकली, दांड्यांवरचे डाग खरवडून काढले. चार लोकांत घाण पिंजरा कसा न्यायचा? लिंबू तेव्हा पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. दांडीवर चढायचं त्याच्यात त्राण नव्हतं, आणि मी त्याच्या अवतीभवती फडकं फिरवत होते.

लिंबू म्हणजे आमचा पिवळा बजी. आणला तेव्हा दुकानदार ‘लव्हबर्ड’ म्हणाला, म्हणून आम्हीही वर्षभर तेच म्हणत होतो. सोबत दुसरा बजी, हिरवा मटार. सासूबाईंचं म्हणणं असायचं, पक्षी बघायची एवढी हौस आहे तर कर्नाळा अभयारण्य काय लांब आहे, घरात कशाला कोंडायचे? त्याला उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

मे महिना, दुपारचा एक. शेजारच्या काकू म्हणाल्या, “ऊन बाधलं असेल गं, चोचीत पाणी सोड.” मी लिंबूला मुठीत घट्ट धरलं आणि ड्रॉपरनं चार थेंब सोडले. त्यानं मान झटकली, शिंकल्यासारखं केलं. मला वाटलं, तरतरी आली.

मग अख्खा पिंजरा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. पाण्याची वाटी भरलेली, झोका टांगलेला, आणि एकटं वाटू नये म्हणून मटारही आतच. नवीन पनवेलहून खारघरकडे निघालो आणि कळंबोली सर्कलला कंटेनरच्या रांगेत अडकलो. वारा लागावा म्हणून मी पिंजरा रिक्षाच्या उघड्या बाजूला धरला होता. त्या बाजूनं ऊन, धूर आणि ट्रेलरचे भोंगे, सगळंच आत येत होतं. वाटी सांडली, लिंबूचं पोट भिजलं. मटार घाबरून सैरावैरा उडत होता, झोका दर खड्ड्याला हिंदकळून लिंबूच्या डोक्याशी येत होता.

डॉक्टरांनी आधी विचारलं, “शी कशी होत होती?” मी लख्ख ट्रेकडे बघितलं. “काल किती खाल्लं?” तेही मी धुऊन टाकलं होतं. त्यांनी त्याला हातात घेतलं आणि काही मिनिटांतच लिंबू गेला.

आजारानं गेला की प्रवासानं, हे त्यांना सांगता येईना, आणि त्यांनी उगाच सांगितलंही नाही. पण मी काय काय केलं हे विचारून घेतलं आणि एकेक गोष्ट समजावली. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. म्हणजे मूठ आवळली की नाक मोकळं असूनही तो गुदमरतो. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, त्यामुळे बळजबरीनं सोडलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. आपल्याला चार थेंब म्हणजे काहीच नाही, त्याला तो लोंढा. शिवाय पक्षी आजार लपवतो. तळाशी येऊन बसतो तेव्हा ती सुरुवात नसते, लपवायची ताकद संपलेली असते.

माणसाच्या आजारपणात जे केलं असतं तेच मी केलं होतं. पाणी पाजलं, वारा दिला, सोबत दिली, स्वच्छता केली.

आता आमच्या कपाटावर एक झाकणाचा पुठ्ठ्याचा डबा कायम असतो. बुटांचाच आहे. भोकं पक्षी आत घालण्याआधी पाडायची, नंतर नाही. तळाला जुना पंचा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. पंच्यावर पांढरा कागद, त्यावर मूठभर राळे विखुरलेले आणि काकडीची एक फोड. पाण्याची वाटी नाही, फोडीतून तहान भागते. झोका, घंटा, आरसा काहीही नाही. एका डब्यात एकच पक्षी. अंधारात तो शांत बसतो, म्हणून डब्यावर पातळ ओढणी टाकायची, पण भोकं मोकळी ठेवून. पावसाळ्यात आपण प्लॅस्टिक गुंडाळायला जातो आणि नेमकी तीच बुजवतो.

बरा असताना हा डबा उघडा करून पिंजऱ्याजवळ ठेवते, आत राळ्याचं कणीस. मटार स्वतःहून आत-बाहेर करतो. आजारपणात पहिल्यांदाच डबा दिसला तर त्याला तो सापळाच वाटणार.

पक्षी धरायच्या आधी छताचा पंखा बंद. हे लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे पंखा चालू असतो हे घाईत लक्षातच राहत नाही. खिडक्या, दारं बंद, खोलीत मंद उजेड, मग हातावर मऊ कापड घेऊन हलकेच. मानेला दोन्ही बाजूंनी दोन बोटं, छाती पूर्ण मोकळी.

ऊब की गारवा, हे ऋतूवर आणि पक्ष्यावर आहे. आजारी पक्ष्याला साधारण २८ ते ३० अंश सोसतं. थंडीच्या सकाळी कोमट पाण्याची बाटली मोज्यात घालून डब्याच्या एकाच टोकाला ठेवते, नको असेल तर त्याला दूर सरकता यावं. पनवेलच्या उन्हाळ्यात बाटलीचं नावच नको. सकाळी आठच्या आत निघावं. चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरलेले दिसले की त्याला उकडतंय. श्वासागणिक शेपूट खाली-वर होत असेल तर श्वासाला त्रास आहे, थांबू नये. गाडीत एसीचा झोत डब्यावर नको, सुगंधी डबी तर काढूनच टाकावी. उभ्या गाडीत पक्ष्याला पाच मिनिटंही सोडू नये. रिक्षात मधोमध बसून डबा मांडीवर, दोन्ही हात खालून.

निघण्याआधी फोन. “तुम्ही पक्षी बघता का?” हाच पहिला प्रश्न, कारण पुष्कळ दवाखान्यांत फक्त कुत्री-मांजरं बघतात आणि हे दारात कळलं तर दुसरा प्रवास पदरी येतो. पक्ष्याचं नावही नीट सांगावं. लव्हबर्ड वेगळा, बजी वेगळा. इथे जमलं नाही तर परळ आहे. तिथे १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय आहे. लोकल पनवेलहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. शिवडीला उतरून टॅक्सी. लोकलच्या डब्यातल्या कुणी “दाखवा ना” म्हटलं तरी झाकण उघडायचं नाही.

आपला देशी पोपट मात्र घरात ठेवताच येत नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. जखमी सापडला तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं.

जानेवारीत मटारच्या चोचीवर पांढरट खवले दिसले. खरजेचे किडे, बजींना नेहमी होतात, औषधानं जातात. थांबले असते तरी चाललं असतं, पण मी लगेच फोन केला. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन केलं, ३६ ग्रॅम, वहीत लिहिलं. डबा घेऊन निघाले तर रिक्षावाले दादा म्हणाले, “केक आहे का ताई?” पक्षी आहे म्हटल्यावर त्यांनी गाणी बंद केली आणि खड्डे चुकवत नेलं.

टेबलावर मटारनं डॉक्टरांचं बोट कडकडून चावलं. “दम आहे,” ते म्हणाले आणि डब्यातला कागद उचलून ट्यूबलाइटखाली धरला. वाटेत पडलेले पाच ठिपके, टरफलं, काकडीचा चोथा. इतकी घाण मी आजवर कुणाला इतक्या अभिमानानं दाखवली नव्हती.